उभ्या गाडीचं दुखणं

त्या गाडीच्या इंजिनाला मी आयुष्यात एकदाच हात लावला, आणि तो नेमका चुकीच्या स्क्रूला लावला.

सकाळची वेळ होती. खाली अंगणात डॉक्टरांची जुनी पांढरी मोटार उभी होती आणि डॉक्टर अंघोळीला गेले होते. इंजिन नुकतंच नव्याने बांधून आणलेलं. पळताना गाडी झकास पळायची, पण कुठे उभी केली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची आणि दोन-चार आचके देऊन गप्प व्हायची. कार्बोरेटरला एक छोटा स्क्रू असतो, तो पिळला की उभं इंजिन बंद पडत नाही, एवढं मला ठाऊक होतं. कारण माझ्या स्कूटरला तो होता. एवढ्या भांडवलावर मी बॉनेट उघडलं, स्वयंपाकघरातून आणलेल्या सुरीच्या टोकाने स्क्रू पिळला आणि चावी फिरवली.

गाडी अशी गर्जली की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. पण बंद पडली नाही! मी सुरी हातात धरून विजयी मुद्रेने उभा राहिलो. तेवढ्यात डॉक्टर पंचा गुंडाळून, कानात साबणाचा फेस तसाच ठेवून धावत आले.

"कोणी केलं?"

"मी," मी अभिमानाने सांगितलं.

"काहून?"

"बंद पडू नये म्हणून."

डॉक्टरांनी आधी चावी फिरवून गाडी बंद केली. मग माझ्याकडे आणि सुरीकडे आळीपाळीने पाहिलं. "रोगी थंडीने कापून राहिला, अन् तुम्ही त्याला मैदानात पळवून राहिले. कापणं दिसत नाही आता. पण बरा झाला काय तो?"

मी सुरी पाठीमागे लपवली. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव 'इंजिनियर' पडलं.

डॉक्टर म्हणजे आमचे घरमालक. समता कॉलनीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली पुढच्या खोलीत त्यांचा होमिओपॅथीचा दवाखाना, मागे ते आणि काकू, आणि वर दोन खोल्यांत आम्ही. नवं राज्य झालं तेव्हा भोपाळच्या कार्यालयातल्या खुर्च्या, कपाटं आणि कारकून यांची वाटणी झाली; मी छत्तीसगडच्या वाट्याला आलो. मूळचा मी पांढुर्ण्याचा, बायको अमरावतीकडची. रायपुरात ओळखीचं कोणी नाही. राजधानी झाल्यामुळे भाड्याच्या खोल्यांना एकदम सोन्याचे दिवस आलेले. अशा वेळी डॉक्टरांनी आम्हाला खोल्या दिल्या, त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या बायकोला विचारलं, "ढग गडगडले की तुला भीती वाटते का?"

ती म्हणाली, "नाही. मले तर चांगलं वाटते."

"मग वरच्या मजल्यावर राहायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि किल्ली दिली.

त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं. मराठी बोलता बोलता ते हिंदीत शिरत, हिंदीतून छत्तीसगढीत, आणि कुठल्याही भाषेत संमती द्यायची झाली तर 'हव' म्हणत. पण भाषा कुठलीही असो, तत्त्व एकच: एका वेळी एक. एक औषध द्यायचं आणि वाट पाहायची. दुसरं दिलं की कशाने गुण आला ते कळत नाही. हे तत्त्व त्यांनी दवाखान्यातून काढून सगळ्या घरावर पसरवलं होतं. जेवताना आधी भाजी संपवत, मग वरणाला हात लावत. चहाबरोबर बिस्किट खात नसत. चहा झाला की थोडं थांबून बिस्किट. तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारले तर पहिल्याचं उत्तर मिळे आणि दुसऱ्यासाठी संध्याकाळी यावं लागे. एकदा आमच्या खोलीतला पंखा आणि खालची पाण्याची मोटर एकाच दिवशी बंद पडली. मी घाम पुसत खाली गेलो तर म्हणाले, "आज पाणी. पंख्याचं उद्या पाहू." मी म्हटलं, इलेक्ट्रिशियन आलाच आहे, दोन्ही करून जाईल. डॉक्टर म्हणाले, "अन् संध्याकाळी फ्यूज उडाला तर दोष कोणाला देणार, इंजिनियर?" ती रात्र आम्ही गच्चीवर काढली. फ्यूज उडाला नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे एक्स-रे. पेशंट जुन्या फिल्मा घेऊन येत आणि तिथेच विसरून जात. डॉक्टरांचा एक्स-रेवर राग होता. "हा हाडाचा फोटो आहे," ते म्हणत, "दुखण्याचा फोटो नाही निघत." पण वस्तू म्हणून त्यांना फिल्म फार आवडायची. पाणी लागत नाही, फाटत नाही, हवी तशी कापता येते. त्यामुळे घरात जिकडे पाहावं तिकडे हाडं. बाहेरच्या दिव्यावर पावसापासून आडोसा म्हणून कोणाच्या तरी बरगड्या. हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेलं मनगट. काकूंच्या तुळशीला मुंग्या चढू नयेत म्हणून कुंडीभोवती एक आख्खा मणका. आमच्या खिडकीची काच फुटली तेव्हा तिथेही एक जबडा आला आणि बायकोने आठवडाभर त्या खिडकीकडे पाठ करून पोळ्या लाटल्या. कोणालाही काहीही दुरुस्त करायचं असलं की डॉक्टर आतून एक फिल्म आणून देत. नळवाल्याला दिली होती, सुताराला दिली होती, गाडीच्या मिस्त्रीलाही दिली होती.

गाडी मात्र त्यांनी हौसेने घेतलेली नव्हती. ती काकूंच्या गुडघ्यांसाठी होती.

काकूंचे गुडघे गेलेले. रिक्षात चढता येत नसे. हल्लीच्या कारमध्ये बसायचं तर एवढं खाली वाकायला लागे की उठताना दोघांनी ओढावं लागे. ह्या जुन्या मोटारीची सीट खुर्चीएवढी उंच. काकू दार उघडून नुसत्या टेकत आणि आत वळत. दर गुरुवारी त्या भजनाला जात, मधूनच ताटीबंधला बहिणीकडे जात, आणि काही कारण नसलं तर नुसत्या तेलीबांध्याच्या तलावापर्यंत जाऊन गाडीत बसून भेळ खाऊन येत. डॉक्टरांनी गुडघ्यांना औषधं बरीच दिली होती, एका वेळी एक. गुण काही आला नव्हता. पण गाडीने तो आणला होता. घराबाहेरचं काकूंचं सगळं जग त्या चार चाकांवर होतं.

आता इथे राजधानीचा संबंध येतो. डॉक्टर सांगत, की पूर्वीच्या रायपुरात गाडी सुरू केली की ती घरी येऊनच थांबायची. मध्ये थांबवणारं होतं कोण? समोर फार तर एखादी म्हैस यायची, आणि म्हशीला वळसा घालता येतो. राज्य झालं आणि चौकाचौकात सिग्नल आले, मंत्री आले, त्यांचे ताफे आले. गाडीला उभं राहायची वेळ आली. इंजिन आधीच म्हातारं, धूर सोडणारं; डॉक्टरांनी ते मिस्त्रीकडून पुरतं उतरवून नव्याने बांधून घेतलं. आल्यावर थोडे दिवस गाडी सुतासारखी चालली. मग उभी राहिली की थरथरायला लागली.

आणि एका दुपारी शंकर नगरच्या चौकात व्हायची ती गोष्ट झाली. पुढे डॉक्टर आणि काकू, मागे फुकटच्या सवारीला मी. हवालदाराने ताफ्यासाठी रस्ता अडवला. आमची गाडी सगळ्यांत पुढे. ती थोडा वेळ कापली आणि मेली. लाल दिव्यांच्या गाड्या सूं करून निघून गेल्या, रस्ता सुटला, मागे हॉर्न सुरू झाले; आमची गाडी नुसती खकखक करत होती. धक्का मारायला माणूस एक, आणि तो मी. हवालदार आला आणि काकूंना म्हणाला, "दाई, उतर जा थोकिन, गाड़ी हल्का होही." काकू उतरल्या. भर उन्हात, लोखंडी अडसराला धरून, एक पाय उचलून एक टेकत उभ्या राहिल्या. चारी बाजूंचे लोक पाहत होते. गाडी सुरू होईपर्यंत मी अर्धा चौक तिला ढकलत नेली होती, आणि काकूंना तेवढं अंतर चालत यावं लागलं.

परत आल्यावर फाटकाशी काकू उतरल्या आणि म्हणाल्या, "आता मी या गाडीत बसणार नाही. मले बसवायचंच असंल तर घरातच बसवा."

त्यांनी ते रागावून म्हटलं असतं तर बरं होतं. त्यांनी ते दूधवाल्याला उद्या दूध नको सांगावं तसं सांगितलं.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला. त्याचं बोलणं हिंदीतच. "पापा, बेच दो ना उसको. कबाड़ हो गई है." त्याने तिकडूनच ओळखीने उरल्याच्या कारखाना-वसाहतीतला एक भंगारवाला ठरवूनही टाकला. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता. उरल्यात तेव्हा भट्ट्या दिवसरात्र पेटलेल्या. जुनं लोखंड आत जायचं आणि सळया होऊन बाहेर यायचं, कारण नव्या राजधानीला सळया कमीच पडत होत्या. काकूंची गाडी कुठल्यातरी सरकारी इमारतीच्या छतात जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. डॉक्टर मुलाला एवढंच म्हणाले, "ती बसणार नसेल तर मलाही गाडी काय करायची? पण रविवारपर्यंत रोगी माझा आहे."

माझ्या सुरीचा प्रयोग ह्यानंतरचा. म्हणजे मी किती नाजूक वेळी तो केला होता, हे वाचकांच्या आता लक्षात येईल.

मिस्त्री रोज दुपारी यायचा. त्याच्या आईचा दमा डॉक्टरांनी बरा केलेला, म्हणून तो डॉक्टरांपुढे फारसं बोलत नसे. पण चेहऱ्यावर सगळं दिसायचं. त्याचं म्हणणं, कार्बोरेटर, प्लग, पॉइंट, सगळंच एकदम नवं टाकावं. "एक घंटे में छुट्टी, डॉक्टर साहब!"

"अन् बरी झाली तर कशाने झाली?"

"उससे क्या करना? बरी झाली ना!"

"मग पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलशील."

पहिल्या दिवशी प्लग बदलले. गाडी तशीच कापली. डॉक्टरांनी नवे प्लग काढून जुने परत बसवायला लावले. मिस्त्री माझ्याकडे बघून हसला, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पॉइंट. कापणं तसंच. पॉइंट परत जसेच्या तसे. तिसऱ्या दिवशी टॅपेट. बायको वरून कपडे वाळत घालता घालता पाहायची आणि मला विचारायची, "हे गाडी दुरुस्त करून राहिले का तिची परीक्षा घेऊन राहिले?" रविवार जवळ येत होता आणि डॉक्टर एक गोष्ट करून दिवसभर वाट पाहत होते. मला खरं सांगायचं तर वाटलं, म्हातारा हट्टापायी गाडी घालवणार.

काकू तिकडे बघतच नव्हत्या. गुरुवार आला. भजनाची वेळ झाली तेव्हा त्या मागच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या, आणि टाळ नसल्यामुळे बोटांनीच ताटावर ठेका धरत होत्या. माझी बायको शेजारी बसून सोलू लागली. तिने येऊन मला सांगितलं, की आठवडाभर पुरेल एवढा लसूण सोलून झाला तरी काकू थांबेनात.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टर पडवीत बसले होते. एकदम उठून म्हणाले, "चूक झाली, इंजिनियर. मी मिस्त्रीचं ऐकून औषधं दिली. रोग्याला विचारलंच नाही."

त्यांनी गाडीसमोर खुर्ची मांडली, पेशंटसमोर मांडतात तशी. मला शेजारी बसवलं. "रोगी बोलत नाही. तुम्ही नातेवाईक. विचारतो त्याचं उत्तर द्या, मनाचं घालू नका. दुखणं कधीपासून?"

"इंजिन बांधून आणल्यापासून."

"आल्या दिवसापासून?"

"नाही. आधी थोडे दिवस चांगली होती."

"वाढ केव्हा होते?"

"उभी राहिली की."

"पळताना?"

"आराम."

"सकाळी, थंड असताना?"

मी आठवून पाहिलं. "बरी असते. तापली की बिघडते."

डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "तहान?"

गाडीची तहान मी कशी सांगणार?

"चोक ओढला, पेट्रोल जास्त दिलं, की बरं वाटतं का तिला?"

"वाटतं! चोक ओढून ठेवला की कापत नाही."

"हव," डॉक्टर म्हणाले आणि मागे टेकले. "म्हणजे ही कुठून तरी चोरून हवा खाऊन राहिली. पळताना तिची भूक मोठी असते, एवढीशी हवा समजत नाही. उभी राहिली की त्याच हवेने जीव घाबरा होतो. थंड असताना ती फट मिटलेली असते, तापली की उघडते. आता फक्त फट कुठे ते पाहायचं."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो. मागून काकूंचा आवाज आला. त्या दारात केव्हा येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नव्हतं.

"मले नाही कधी एवढं विचारलं," त्या म्हणाल्या, आणि काठी टेकत आत गेल्या.

डॉक्टर गाडीसमोरच्या खुर्चीवर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

रविवारी सकाळी मिस्त्री आला, आणि त्याच्या पाठोपाठ उरल्याचा भंगारवाला सेठ टेम्पोसकट आला. टेम्पोत दोन माणसं आणि एक जाडजूड साखळी. सेठ घाईत होता. डॉक्टरांनी त्याला पडवीत बसवलं. "चाय पियो. एका वेळी एकच काम करतो मी."

मग त्यांनी दवाखान्यातून औषधाचा ड्रॉपर आणला आणि वाटीत साबणाचं पाणी. ह्या ड्रॉपरने पुढे फार घोटाळा केला. समोरच्या लोकांनी पाहिलं ते एवढंच, की डॉक्टर गाडीला थेंब-थेंब औषध पाजताहेत. पुढचा महिनाभर लोक आपल्या स्कूटरी घेऊन दवाखान्यात येत होते आणि डॉक्टर त्यांना बाहेर काढत होते. एकाने तर जाताना आपल्या मोपेडसाठी गोळ्या मागितल्या.

पण त्या सकाळी कोणी हसत नव्हतं. मिस्त्रीने गाडी सुरू करून तापवली. ती थरथरायला लागली. डॉक्टर वाकले आणि इंजिनाच्या एकेका सांध्यावर थेंब टाकू लागले. एक थेंब, मग थांबणं, कान देणं. पुढचा सांधा. एक थेंब, थांबणं. सेठने बशीत चहा ओतला. त्याची माणसं साखळी उतरवून टेम्पोशी उभी राहिली. डॉक्टरांचा हात कार्बोरेटरच्या बुडाशी आला. थेंब पडला.

तो थेंब खाली ओघळला नाही. आत ओढला गेला. आणि इंजिनाचा आवाज बदलला. क्षणभर कापणं थांबलं, एक सरळ, गोल आवाज आला, आणि पुन्हा थरथर सुरू झाली.

"इथे," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्री मात्र खूश दिसला नाही. तो अचानक नखं पाहायला लागला. डॉक्टरांनी कार्बोरेटर उतरवायला सांगितला. त्याखाली दोन लोखंडांच्या मधलं पॅकिंग होतं. ते उष्णतेने आक्रसून, कडेने वळून, वाळलेल्या पानासारखं झालेलं. मिस्त्रीने ते चिमटीत धरून वर काढलं आणि डॉक्टरांच्या हातात ठेवलं. ते निळसर काळं होतं.

"आप ही दिए थे, साहब," तो हळूच म्हणाला. "मेरे पास तो शीट थी. आप बोले, काग़ज़ का नहीं चलेगा, ये लगा."

डॉक्टरांनी तो तुकडा आभाळाकडे धरला. मीही मान वर करून पाहिलं. मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना हाडाचे पांढुरके उंचवटे दिसत होते.

मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला नीट ठाऊक आहे. तुकडा खिशात घालून मिस्त्रीकडे डोळे मोठे करून पाहिलं असतं, आणि 'हल्लीचा माल' ह्या विषयावर बोललो असतो. डॉक्टर तो तुकडा घेऊन सरळ मागच्या ओट्यावर गेले. सेठ, त्याची माणसं, मिस्त्री, मी, सगळे मागोमाग. काकू तांदूळ निवडत होत्या.

"ऐकलं का? चूक माझी होती," डॉक्टर म्हणाले. "मिस्त्रीची नाही, गाडीची नाही. माझ्यामुळे तुला रस्त्यावर उभं राहावं लागलं."

काकूंनी सुपातून मान वर केली. "काय आहे ते?"

"पॅकिंग. एक्स-रेचं कापून मीच दिलं होतं."

"कोणाचा एक्स-रे?"

डॉक्टरांनी तो पुन्हा उजेडात धरला, जणू आता उत्तर बदलेल. "तुझा. डावा गुडघा."

काकूंनी तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता रडतील, किंवा सूप फेकतील. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. डोळ्यांना पदर लावून त्या म्हणाल्या, "मग कापणारच की हो ती! माझा गुडघा कधी एका जागी उभा राहिला आहे काय?"

मिस्त्रीने आपल्या पेटीतून जाड शीट काढली, नवं पॅकिंग कापलं आणि बसवलं. माझा पिळलेला स्क्रू डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी जागेवर आणला होता. गाडी सुरू झाली. डॉक्टरांनी औषधाची एक रिकामी बाटली बॉनेटवर उभी ठेवली. बाटली हलली नाही. इंजिन असं चालत होतं की ते चालतंय हे पाहायला वाकावं लागत होतं. सेठने आपल्या माणसांना साखळी परत टेम्पोत टाकायला सांगितली. जाताना म्हणाला, "डॉक्टर साहब, हमारे घुटने का भी एक्स-रे पड़ा है. चाहिए तो भेज दूँ."

आम्ही सगळे काकूंकडे पाहत होतो. त्या पडवीपर्यंत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोरी, चहा टाक. आल्याचा. सावकाश होऊ दे." मग डॉक्टरांकडे वळून, "बंद नका करू. उभी राहू द्या. पाहते किती वेळ उभी राहते ते."

चहा झाला. डॉक्टर बॉनेटजवळ उभेच होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे. काकूंनी चहा फुंकून फुंकून प्यायला. मग थोडं थांबून एक बिस्किट मागवलं. ह्या घरात बिस्किट नंतरच. गाडी चालत होती. काकूंनी कप खाली ठेवला, काठी माझ्या हातात दिली आणि स्वतःहून दार उघडलं.

"कुठे नेऊ? बहिणीकडे?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याच चौकात," काकू म्हणाल्या.

मागच्या सीटवर मी आणि बायको. शंकर नगरच्या चौकात पोचलो तो नेमका दिवा लाल. डॉक्टरांनी गाडी उभी केली. समोर तोच हवालदार. त्याने आम्हाला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. आम्ही चौघंही श्वास रोखून बसलो होतो, निदान मला तसं वाटलं. खालून एक मऊ, एकसारखी गुणगुण येत होती.

दिवा हिरवा झाला. गाडी हलली नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. हवालदार शिट्टी तोंडात धरून धावत आला, खिडकीत वाकला. "फिर बंद पड़ गई क्या, डॉक्टर साहब?"

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने शेजारी दाखवलं. काकूंची मान दाराच्या काचेला टेकली होती. तोंड किंचित उघडं. गुडघ्यांच्या ठणक्याने ज्यांना रात्र रात्र डोळा लागत नसे, त्या काकू भर चौकात गाढ झोपल्या होत्या.

"चालू है," डॉक्टर कुजबुजले.

हवालदाराने शिट्टी तोंडातून काढली. मागच्यांना हाताने बाजूने जायला सांगत तो आमच्या गाडीमागे उभा राहिला. दिवा पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. काकू आपणहून जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "हिरवा झाला ना? मग चला की. लोक खोळंबून राहिले."

घरी आल्यावर, जिना चढता चढता मी डॉक्टरांची पद्धत बायकोला समजावून सांगत होतो. एका वेळी एक. रोग्याला विचारायचं. घाई करायची नाही. ह्यापुढे मीही आयुष्यात असंच वागणार, असंही मी जाहीर केलं.

ती कुलूप काढता काढता थांबली. "तुम्ही आधी स्कूटर चालवताना मागे पाहत जा," ती म्हणाली. "मले जर अशी डुलकी लागली, तर घरी येऊन किल्ली मागाल तेव्हा समजंल तुम्हाले, की बायको चौकातच राहिली."